हिरवा दिवा

"उजवा अंगठा टेकवा, डोळे मिटा, माताजीचं नाव घ्या. हिरवा दिवा म्हणजे तिचा होकार. लाल म्हणजे श्रद्धा कच्ची!"

योगेंद्र बापूचा तो आवाज मालतीबाईंच्या कानांतून जात नव्हता. बमरोली वस्तीतल्या मांडवात दर मंगळवारी म्हाताऱ्यांची रांग लागे. आरोग्य योजनेचं कार्ड माताजीच्या मूर्तीच्या पायाशी ठेवायचं, काळ्या यंत्रावर अंगठा दाबायचा, की गुडघे मोकळे! धुडकू आजोबा काठी टाकून चार पावलं चालले, तेव्हा बायाबापड्यांनी फुलं उधळली. पाचव्या पावलाला त्यांनी काठी शोधली, ते कुणी पाहिलं नाही.

मालतीबाईंचा दिवा मात्र दर वेळी लाल लागे. तीस वर्षं साड्यांचे धागे कापून बोटं गुळगुळीत झालेली.

"आजी, कोई पाप तो नहीं किया?" बापू विचारी, आणि रांग हसे.

त्यांनी तीन मंगळवार निर्जळी धरले. चौथ्याला बापूच्या माणसाने अंगठा ओल्या फडक्याने पुसून दाबून धरला. हिरवा! त्या रडल्याच.

दोन महिन्यांनी नवरा हिलाल छाती धरून खाली बसला. दवाखान्यात योजनेच्या खिडकीवर गल्लीतलीच विशाखा होती. कार्ड तपासता तपासता तिने मान वर केली.

"मावशी, गुडघे कधी बदलले?"

"कोणाचे?"

"तुमचे. दोन्ही. एका खासगी दवाखान्यात बारा दिवस भरती होता, असं बिल लागलंय."

"मी? अगं, रोज पहाटे तुझ्याच दारावरून देवळात जाते ना!"

"म्हणून तर विचारते."

मालतीबाईंनी मांडवातलं सगळं सांगितलं. विशाखाने डोळे मिटले.

"ते रेशन दुकानात असतं ना, तसलंच यंत्र. अंगठा जुळला की हिरवा, नाही तर लाल. तुमचा अंगठा म्हणजे तुम्ही भरती झाल्याची खूण. योजनेतली घराची वर्षाची सगळी रक्कम त्यात गेली, काकांसाठी काही उरलं नाही."

"मग माझे उपास?"

"फडक्याने लागला तो दिवा, मावशी."

त्याच दिवशी दोघींनी तक्रार नोंदवली. चौकशी सुरू झाली. हिलालच्या हृदयाला मात्र तेवढा दम नव्हता. जाण्याआधी तो एवढंच म्हणाला, "तुनी देवी खोटी नाही शे, मालती. तो बापू खोटा शे. लोकेसले सांग."

"सांगसू," त्या म्हणाल्या.

देव मानायला कोण मना करतं? पण देवाला कार्ड लागत नाही, बिलाला लागतं. कार्ड मागणाऱ्याला विचारा, यंत्र कशाचं? योजनेचा मोबाइलवर येणारा संदेश कुणाकडून तरी वाचून घ्या. न घेतलेल्या उपचाराचं बिल दिसलं, तर लाजू नका, तक्रार करा.

हिलाल गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मालतीबाईंनी पूजा उरकली आणि गुडघ्यांच्या बिलाचा कागद पदराखाली घेतला.

"सव्वा महिना उंबरा ओलांडू नये गं," जाऊ म्हणाली.

"देवीला विचारलंय," म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या हळूहळू मंगळवारच्या रांगेतल्या भागीरथीच्या दाराकडे निघाल्या.