तीन पाकळ्यांचा सांधा

कार्तागो शहरातल्या आमच्या कारखान्यात हृदयाच्या झडपा हातानं शिवतात. नव्या बायकांना ते काम मी शिकवते. डोन्या एइदा, म्हणजे आमच्या एइदाबाई, माझ्याकडे आल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. बाकीच्या मुली विशीतल्या, तांत्रिक शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या. एइदाबाईंनी एकोणीस वर्षं जीनच्या पॅन्ट शिवल्या होत्या. मजुरी आणखी स्वस्त मिळाली तेव्हा तो कारखाना दुसऱ्या देशात निघून गेला.

"योर्लेनी, तुमच्या दोऱ्यापेक्षा माझ्या मिशा जाड आहेत हो," पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपमधून डोळे काढत त्या म्हणाल्या.

झडप म्हणजे अंगठीएवढी तारेची चौकट, आणि तिच्यात गाईच्या हृदयावरच्या आवरणातून कापलेल्या तीन पातळ पाकळ्या. टाका जास्त ओढला तर पाकळी आखडते, सैल राहिला तर रक्त गळतं. एइदाबाईंचा हात जाड कापडाला सरावलेला. तीन महिने त्यांची एकही झडप पास झाली नाही.

"ओढू नका, नुसता बसवा," मी रोज सांगायची.

"नवऱ्यालासुद्धा इतकं हळू धरलं नाही कधी," असं म्हणत त्या टाका उसवायच्या. चौथ्या महिन्यात हात बसला.

त्याच सुमारास मुख्य कचेरीतून हाल्व्होर्सन नावाचे इंजिनियर आले. तान्ह्या मुलांसाठी त्यांनी नवी झडप आखली होती, भिजवलेल्या चण्याहून जराशी मोठी. दोन देशांत शिवून पाहिली, पण पाकळ्या जिथं मिळतात तिथं ती गळायची. ज्या कारखान्याला जमेल, त्याला सगळं काम मिळणार होतं.

आमच्या सगळ्यात हुशार मुली तीन दिवस बसल्या. झडप गळतच राहिली.

चौथ्या दिवशी एइदाबाई उठून आल्या. "मी बघू का?"

"यांचं शिक्षण?" हाल्व्होर्सननी मला विचारलं.

"सहावी," मी म्हटलं. त्यांनी झडपेचा नकाशा पुढे सरकवला.

एइदाबाई कितीतरी वेळ नकाशा बघत राहिल्या. "हा ज्यानं काढला, त्यानं जन्मात पॅन्ट शिवलेली नाही."

मी ते हाल्व्होर्सनना इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं.

"मीच काढलाय," ते म्हणाले. "आणि खरंच नाही शिवली."

"मग ऐका. जांघेत चार शिवणी एकत्र येतात. वरून टाका घातला की कापड सरकतं. आधी खालून धरायचं, मग वरून यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसल्या. मधे एकदाच गुळाचं गरम पाणी प्यायला उठल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. ती हलताहेत असं वाटतच नव्हतं. टाका मात्र पुढे सरकत होता, केसाहून बारीक.

दुपारी ती झडप काचेच्या नळीत बसवली आणि पंप सुरू केला. तिन्ही पाकळ्या उघडल्या आणि मिटल्या. पुन्हा उघडल्या. पाणी पुढे गेलं, मागे थेंबही आला नाही. इतकी वर्षं मी झडपा बघत आलेय, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. गाईच्या हृदयावरचं आवरण, एका बाईची बोटं, आणि समोर ते जिवंत असल्यासारखं श्वास घेत होतं.

हाल्व्होर्सननी चष्मा काढला. "मला शिकवाल?"

आठवडाभर तो उंच माणूस त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून टाके घालत होता आणि बोलणी खात होता. "अहो बापू, सुई आहे ती, फावडं नव्हे!"

नकाशा बदलला. काम आमच्याकडे आलं, नव्वद नव्या जागा निघाल्या, आणि तो टाका शिकवायला एइदाबाईंना नेमलं. पहिल्या वर्गात मीही बसले.

त्या पहिल्या झडपेला मात्र कारखान्याबाहेर जायचं नव्हतं. ती किती टिकते हे बघायला तिला एका यंत्रात ठेवलं होतं. तिथं ती हृदयाच्या कितीतरी पट वेगानं, अखंड उघडमीट करते. दोन महिन्यांनी एका सकाळी एइदाबाई मला घेऊन तिथं गेल्या.

"किती झाले?" त्यांनी यंत्रावरच्या मुलीला विचारलं.

"आठ कोटी ठोके."

एइदाबाई यंत्राच्या काचेजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या ठोक्यांत मूल केवढं होतं?"

मुलीनं हिशेब केला. "सव्वा वर्षाचं."

"म्हणजे चालायला लागलं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी काचेला नाक लावून बघत राहिलो.