दस्तीखालचा भाव

गंगाखेडच्या किशनरावांच्या घरात दोन सुना, आणि दोघींच्या मधी एक वेबसाईट. किशनराव बैलांचे जुने व्यापारी. थोरल्या सुनेनं, राजेश्रीनं, बैलांच्या खरेदी-विक्रीची वेबसाईट काढून दिली तवा म्हातारा गावभर सांगत सुटला होता, "आमच्या थोरलीनं बाजार मोबाईलात आणला." त्या एका वाक्यावर राजेश्रीनं तीन वर्षं काढली म्हणा ना.

मग धाकटी आली, प्रियांका. संभाजीनगरची, शिकलेली, वरून गोड बोलणारी. एवढं सगळं एकाच बाईला द्यायची देवाला काय घाई झाली होती कोण जाणे. हळद उतरायच्या आत तिनं विचारलं, "मामा, बैल शोधला की एवढी लांबलचक यादी येते. माणसानं अंगठा झिजेपर्यंत सरकवत बसायचं का?" आणि निकालाच्या पानावर तिनं फिल्टर बसवले. जात निवडा, दात निवडा, रंग निवडा, तालुका निवडा. लाल कंधारी, चार दाती, पाथरी असं दाबलं की तेवढेच बैल समोर. नको असलेलं फुली मारून काढता येई, पुन्हा पहिल्यापासून शोधायचं काम नाही. किशनरावांनी त्याचं नाव 'चाळणी' ठेवलं आणि येईल त्याला चाळणी दाखवायला लागले.

"थोरलीनं बाजार आणला, पण त्यात वाट काढली ती धाकटीनं," असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले, त्या दिवशी राजेश्रीची भाकर तव्यावर करपली. चाळणी चांगली होती हेच तर खरं दुखणं होतं. वाईट असती तर चार नावं ठेवून मोकळी झाली असती. आता रात्रंदिवस एकच, हे मला का सुचलं नाही? माझ्याच पानावर, माझ्याच बैलांत, ही कालची पोर येऊन शहाणी ठरते?

त्यात किशनरावांनी जाहीर केलं, की येत्या बाजारी नवी वेबसाईट सगळ्यांना दाखवू आणि मग तिचा कारभार एकीच्याच हाती देऊ. एका भांड्यात दोघींचे हात नकोत. ती एक कोण, हे राजेश्रीला सांगायची गरज नव्हती.

बाजाराच्या आदल्या दिवशी प्रियांका लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ आली. "ताई, भावाची पट्टी टाकली. हा ठिपका सरकवायचा, आपल्याला झेपेल तेवढ्या भावातलेच बैल दिसतील. एकदा बघता का? तुम्हाला जास्त कळतं."

राजेश्रीनं बघितलं आणि तिला एका नजरेत कळलं. बैलाचा भाव काय उघड्यावर सांगायची गोष्ट आहे? हातावर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची, तिच्याखाली बोटं दाबायची, भाव ठरतो तो असा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. वेबसाईटवर एकाही व्यापाऱ्यानं आजवर भावाचा रकाना भरला नव्हता. प्रियांकानं पट्टी तपासली ती स्वतःच भरलेल्या खोट्या बैलांवर, प्रत्येकाला भाव घालून. खरे बैल चढले की भावाचा रकाना रिकामा म्हणून पट्टी सगळेच बैल गाळून टाकणार.

"लय भारी झालंय गं," राजेश्री म्हणाली. "असंच ठेव."

बाजारात जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप मांडून दोघी जावा उभ्या राहिल्या. किशनरावांनी मोठ्या ऐटीत मोबाईल ताडकळसच्या दत्ता व्यापाऱ्याच्या हातात दिला. "शोध. लाल कंधारी, चार दाती."

दत्तानं दाबलं. पडद्यावर आलं, 'एकही बैल सापडला नाही.' त्यानं जात बदलली, दात बदलले, तालुका बदलला. तेच.

"किशनराव," दत्ता म्हणाला, "बैल तर हितं दावणीला हायेत. मोबाईलातले कुठं चरायला गेले?"

माणसं खदखदून हसली. किशनरावांचा चेहरा उतरला. प्रियांका घाबरून इकडंतिकडं बोटं मारायला लागली, तिला चूक सापडेना. राजेश्रीला असं गार वाटलं म्हणता! पोटभर बघून घेतलं तिनं. मग सावकाश पुढं झाली, भावाची पट्टी काढून टाकली, आणि सगळे बैल परत आले.

"मामा, आपल्यात भाव कुणी लिहीत न्हाई," ती म्हणाली. "म्हणून सगळे गळाले."

किशनरावांनी तिच्याकडं बघितलं. बैलाचे दात तपासताना बघायचे तसं. "तुला एवढं ठाऊक होतं तर आधी का बोलली न्हाईस? हिनं तुला दाखवलं न्हाई का?"

आता संपलं, असं राजेश्रीला वाटलं. प्रियांकानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळं होतं, कालचं 'लय भारी'सुद्धा. पोरीला कळलं होतं.

"नाही मामा," प्रियांका म्हणाली. "मी ताईंना दाखवलंच नाही. मला घाई झाली होती."

"मग झालं तर," किशनराव म्हणाले. "कारभार थोरलीकडं. इथून फुडं तिला इचारल्याबिगर तू कशाला हात लावायचा न्हाई."

प्रियांकानं डोळे पुसले आणि लॅपटॉप राजेश्रीकडं सरकवला. राजेश्रीनं तो घेतला. जे हवं होतं ते मिळालं, आणि दिलं कुणी, तर हिनं. चाळणी हिला सुचली, गोड बोलणं हिला जमलं, आणि आता हा मोठेपणाही हिनंच घेतला. राजेश्रीचा जळफळाट एवढा वाढला, की एकदा वाटलं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकावं, निदान तेवढं तरी हिच्याकडं राहू नये.

पण तिनं लॅपटॉप मिटला आणि काखेत मारला.