धार कुणाच्या नावावर

आमच्या गडमुडशिंगीच्या दूध संस्थेनं जास्त दूध देणाऱ्या म्हशींची स्पर्धा ठेवली आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्जात स्वतःचं नाव घातलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. नियम साधा होता. ज्याचं नाव, त्यानं कमिटीसमोर स्वतः धार काढायची. आणि आमच्या शेवंती म्हशीच्या कासेला आण्णांनी चार वर्षांत एकदा जरी हात लावला असेल, तर मी दहावीला नापास व्हायला तयार आहे.

शेण काढते आई. वैरणीचा भारा डोक्यावरून आणते आई. धार काढते आई. भरलेली किटली गाडीला अडकवून संस्थेत दूध घालायला जातात तेवढे आण्णा, कारण सभासद ते. कारखान्याचं ऊसबिल येईपर्यंत आमचं घर चालतं ते ह्या दुधावर. माझी फी त्यातनंच, आण्णांच्या गाडीचं पेट्रोलसुद्धा त्यातनंच. तरी पावण्यांनी विचारलं की आण्णा सांगणार, मंडळी काय करत न्हाय, घरीच असती.

मी म्हटलं, आईचं नाव घाला. तर म्हणे, बाईमाणसानं कमिटीसमोर बसायचं व्हय?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी सराव केला. शेवंतीनं बादली उडवली. मला वाटलं, चला, आता तरी अर्ज बदलतील. पण तोड काढली ती आईनंच! धारेला बसताना ती साडीवर एक जुना शर्ट चढवते. शेवंती तो वास ओळखते. तोच शर्ट आईनं काढून आण्णांच्या हातात ठेवला. मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, चारचौघांत त्यांचा मान राहू दे. आणि तुझा गं? मी मनात म्हटलं.

स्पर्धेच्या सकाळी चेअरमन आकारामतात्या माप घेऊन गोठ्यात आले, मागं सगळी कमिटी, तिच्या मागं निम्मी गल्ली. आण्णा कडक इस्त्रीच्या कपड्यांवर तो शेणाचे डाग पडलेला शर्ट घालून बसले. शेवंतीनं वास घेतला आणि खरंच पान्हा सोडला. धार वाजायला लागली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

आता गप बसून काढायची की नाही? पण आण्णांना राहवलं नाही. तात्यांकडं मान वळवून म्हणाले, "चार वर्सं झाली तात्या, माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय ही."

आवाज ऐकला मात्र, शेवंतीचे कान ताठ झाले. एक लाथ, बादली आडवी, आणि पान्हा बंद. आण्णांनी चुचकारलं, पाठ थोपटली, काही नाही.

तात्या मिशीतल्या मिशीत हसले. "काय रे, आज म्हशीनं वळखलं न्हाय व्हय मालकाला?"

गल्ली खदखदली. आण्णांनी आईकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि आई सवयीनं पदर खोचून पुढं निघाली. तात्या म्हणाले, काढू द्या वैनींना, नाव तर घरातच राहतंय.

मी बादली उचलली आणि पोटाशी धरली. "आधी अर्जावर आईचं नाव लिवा. मग काढंल ती."

आण्णा ओरडले, शाळंत हेच शिकवत्यात का. तात्या म्हणाले, बाळ, सभासदाशिवाय दुसरं नाव चालत नाही, आण्णांनी सही करून सभासदत्व दिलं तरच. सगळे आण्णांकडं बघायला लागले. आण्णा शर्टाची बटणं सोडायला लागले.

आईनं माझ्या हातातनं बादली घेतली. मला वाटलं, संपलं. ती बसली, शेवंतीला काहीतरी पुटपुटली, आणि बादली फेसानं काठोकाठ भरली. तात्यांनी माप पुढं केलं. आईनं बादली मागं ओढली.

"मोजायचं न्हाय तात्या. हे दूध त्येंनी काढल्यालं न्हाय."

कमिटी गेली. गेले आठ दिवस आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. सभासदत्व आईच्या नावावर करायचा अर्ज मी संस्थेतनं आणून भरलाय, फक्त त्यांची सही राहिलीय. रोज जेवताना मी तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. ते जेवतात, हात धुतात, उठतात. काल आईनं वाढता वाढता कागदावर पेनही ठेवलं.