डोरीन मावशीच्या शेकोटीवरची फळी

डोरीन मावशीचा आणि माझा खटका उडाला तो उंचीवरून. ती माझी सख्खी मावशी नव्हे. थर्स्क गावाजवळच्या आमच्या गल्लीत तिला सगळेच मावशी म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, जिभेला मात्र अजून धार.

तिच्या बैठकीच्या भिंतीतल्या जुन्या विटांच्या शेकोटीवर तिला नवी लाकडी फळी हवी होती. मी चित्र काढून नेलं. ओकचं लाकूड, कडेला नाजूक नक्षी.

"स्टॅन, खाली घे. माझ्या छातीएवढी."

"मावशी, जाळाच्या तोंडापासून लाकूड दीड वीत तरी वर हवं. चाळीस वर्षं सुतारकाम करतोय, मला शिकवू नकोस."

"चाळीस वर्षं करतोयस ना? मग काढ की मार्ग."

माझं डोकंच सणकलं. कागद गुंडाळून मी दारापर्यंत गेलो, तेव्हा बाई खरं बोलली. थंडीत ती दोनदा पडली होती. लीड्सला राहणारा तिचा मुलगा, क्लाइव्ह, येत्या रविवारी येणार होता, आईला घरात एकटं ठेवायचं की वृद्धाश्रमात न्यायचं ते ठरवायला.

"मग भिंतीला धरायला दांडा लावतो," मी म्हटलं.

"दांडा दिसला की संपलंच. शेकोटीच्या फळीला टेकून काय, धडधाकट माणसंही उभी राहतात. माझा नवरा हॅरल्ड जन्मभर तसाच उभा राहिला."

मी नक्षी खोडली. तिच्या परसातल्या पडक्या डुकरखान्याच्या विटा आणून जाळाचं तोंड दोन थरांनी बुटकं केलं, तशी फळीही तेवढी खाली आली. पुढची कड गोल घासली. खालच्या अंगाला चार बोटं रुततील अशी खाच कोरली, वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागू नये अशी. लोखंडी गज विटांत खोल बसवले आणि मग मी स्वतःच फळीला लोंबकळलो. माझं वजन शंभर किलो. फळी हलली नाही.

रविवारी मेणाचा डबा घेऊन मी मुद्दाम तिथे गेलो. क्लाइव्ह चहा पीत होता. मावशीने खुर्चीतून हात वर नेला, फळी धरून उठली, कोपर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्यापुढे केक आणि चीजची बशी धरली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी पटकन मेण घासायला घेतलं.

"छान झालीय फळी," म्हणत क्लाइव्ह उठला आणि दुसऱ्या टोकाला टेकला. त्याची बोटं कडेखाली गेली आणि थांबली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने ती खाच चाचपली. माझ्याकडे पाहिलं. मी आपला मेण घासत राहिलो.

"स्टॅन, पुढच्या आठवड्यात मोकळा आहेस?"

"का रे?"

"जिन्यालाही असंच काहीतरी करून दे. दिसलं नाही तरी चालेल."

"जिन्याला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. पण बोलता बोलता तिचा आवाज कापला, आणि क्लाइव्हने तिच्या हातातली बशी हळूच काढून घेतली.