आईनं मागितलेली जागा

"पेटली! आई पेटली!"

मंगळवारची संध्याकाळ. चिंचपोकळीच्या कापड रंगवायच्या रंगखान्यामागच्या मोकळ्या जागेत अख्खी चाळ लोटली होती. भैरूबुवांनी जमिनीवर तांब्यातलं तीर्थ ओतलं, जळता कापूर टाकला आणि ओल्या मातीतून भप्पकन हातभर ज्वाळा उठली. पाण्यानं आग विझते हे पोराटोरांनाही ठाऊक. इथं पाण्यानं आग लागत होती! बाया मटकन खाली बसल्या.

बुवा घुमू लागले. "हूंऽऽ! मी रंगखान्याची आई! बाळंतिणींचं हॉस्पिटल माझ्या अंगणात बांधा! दुसरीकडं पाया खणाल तर घराघरातला पाळणा रिकामा ठेवीन!"

आईला नगररचनेतलं बरंच कळत होतं म्हणायचं. शामराव शेटची ही खोलगट, कचऱ्यानं बुजवलेली, फुकटही कुणी घेणार नाही अशी जागाच तिला नेमकी आवडली होती.

सत्तावन्न साल होतं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं भिंतीभिंतीवर डांबरानं लिहिलेलं होतं. त्यातच म्युन्सिपालटी या भागात प्रसूतिगृह बांधणार अशी बातमी आली. जागा दोन सुचवल्या होत्या. एक ही, शामराव म्युन्सिपालटीला विकायला टपलेले, आणि दुसरी मोठ्या रस्त्यावरची, उंचवट्यावरच्या जुन्या कापूस गोदामाची.

चाळीच्या सभेत मिलमध्ये मागावर काम करणारा साचेवाला दत्ताराम उठून म्हणाला होता, "रंगखान्यामागं पावसात कमरेएवढं पाणी भरतं. बाळंतिणीला काय होडीतून नेणार?" सगळे हसले होते.

आता कुणी हसत नव्हतं. घुमता घुमता बुवांनी गर्दीतल्या चंपाकडे बोट रोखलं. चंपा दत्तारामची बायको. सातवा महिना.

"हिच्या दादल्यानं माझी जागा नाकारली! वर्षापूर्वी घरातले देव पाण्यात सोडले! हिची ओटी..." बुवांनी वाक्य तसंच अर्धवट सोडलं.

ते अर्धवट वाक्य चंपा घरी घेऊन गेली. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. तिचं जेवण तुटलं. सारखा हात पोटावर.

"हलत नाही हो," ती दत्तारामला म्हणाली.

"अगं, आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. असल्या बुवाला भ्यायचं?"

"प्रतिज्ञा मी पण घेतल्यात. पण ती आग मी डोळ्यांनी बघितली."

रात्री दत्तारामलाही दचकून जाग येऊ लागली होती, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. देव पाण्यात सोडले होते, भीती घरातच राहिली होती.

शेवटी सासूनं, सुंदराबाईंनी, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर राजलक्ष्मी तळपदे गिरगावातून यायच्या. त्यांनी पोट तपासलं आणि स्टेथोस्कोपच्या नळ्या चंपाच्याच कानात घातल्या. "ऐक. घड्याळासारखं वाजतंय ना? बाळाचं काळीज आहे ते."

चंपा ऐकत राहिली, रडली. मग हळूच म्हणाली, "आज आहे बाई. मंगळवारी बुवा पुन्हा घुमणार, तेव्हा राहील?"

या भीतीवर बाटलीतलं औषध चालणार नव्हतं. "मंगळवारी मीही येते," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

मंगळवारी गर्दी दुप्पट होती. बुवांच्या चेल्यानं जागेवरची फुलं बाजूला केली, बुवांनी तीर्थ शिंपडलं आणि राजलक्ष्मीबाईंनी हवा हुंगली. लसणासारखा वास. गिरगावातल्या फेरीवाल्यांच्या गॅसबत्त्यांपाशी लहानपणापासून ओळखीचा.

कापूर पडला, ज्वाळा उठली. ती विझताच बाई पुढे झाल्या. "बुवा, आता चाळीच्या नळाचं पाणी ओतू?"

"विटाळ होईल! तीर्थच लागतं!"

"म्हणजे आई नळाच्या पाण्याला घाबरते?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बुवा खवळले. "ओता! ज्याचा हात गळून पडायचाय त्यानं ओता!"

कुणी जागचं हललं नाही. बाईंनी तांब्या उचलला, तोच चंपानं तो धरला. "माझ्या पोटावर बोललाय तो. मीच ओतते."

"लांबून ओत आणि लगेच मागं हो," बाई म्हणाल्या.

पाणी पडलं. माती बुडबुडली. बाईंनी लांबून जळता कापूर फेकला. भप्पकन ज्वाळा!

चंपा किंचाळली. मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात जागेवर होता.

"आता त्या बाजूला ओत." बाईंनी फुलांपासून लांबची जागा दाखवली.

तिथं पाणी ओतलं, कापूर टाकला. कापूर चुर्र करून विझला. नुसता चिखल.

आग शमल्यावर दत्तारामनं कुदळीनं बुवांची जागा उकरली. करडे खडे निघाले, ओल लागताच फसफसणारे.

"कार्बाइड," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "गॅसबत्तीत घालतात तेच. पाणी लागलं की यातून गॅस निघतो आणि तो गॅस पेटतो. फुलांखाली पुरून ठेवलं होतं." लोकांनी वळून पाहिलं तेव्हा बुवा आणि चेला गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. गर्दीत उभे असलेले शामराव शेट तर आधीच सटकले होते.

"आणि हा खड्डा बघा," बाई म्हणाल्या. खाली निळसर, घाण पाणी झिरपत होतं. "हे रंगखान्याचं पाणी. इथं नवं जन्मलेलं मूल ठेवणार? खाली कचरा, बाजूला धुरांडं, पावसात रस्ता बंद. दत्ताराम सभेत हेच सांगत होता. त्यावर वाद घाला, चूक काढा. पण पोटातल्या मुलावरून धमकी देऊन जागा ठरवायची नाही."

चंपाला त्या रात्रीही झोप आली नाही. भीती एका दिवसात जात नाही. पण म्युन्सिपालटीचे साहेब जागा पाहायला आले, तेव्हा पदर सावरत तीच पुढे झाली. "साहेब, पावसाळ्यात कुठली जागा कोरडी राहते, ते आधी लिहून घ्या."

साहेबांनी गोदामाची जागा मुक्रर केली. इमारत उठायच्या आधीच परळच्या हॉस्पिटलात चंपाला मुलगी झाली. धडधाकट, भोकाड पसरणारी.

वाचकहो, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी कुठं बांधायची हे ठरेल तेव्हा तिथं पाणी तुंबतं का, वारा कुठून येतो, आजारी माणूस पोचतो का, हे विचारा. आणि कुणी तुम्हाला भीती घालून जागा दाखवू लागला, तर ती जागा उकरून बघा.