येते म्हणाली आणि गेली

“अरे, येतंय कोण आणि जातंय कोण, ते तरी आधी ठरवा!” असं ओरडत पंपमामा मैदानात धावला, तेव्हा सुतळी ओठ दाबून खाली बसली होती आणि रणगाडा शेजारी उभा राहून शपथा घेत होता.

“मामा, ती ‘येते’ म्हणाली! डावीकडून येतेय म्हणून मी उजवीकडे वळलो!”

“घरी निघाले म्हणून ‘येते’ म्हणाले, गाढवा!” सुतळी बोटांआडून म्हणाली. बोटं लाल झाली होती.

आता यात चूक कोणाची? आपल्या भाषेची. माणूस आला तरी ‘येतो’ म्हणतो, निघाला तरी ‘येतो’च म्हणतो. ज्यांना दिसतं, त्यांचं यात काही बिघडत नाही. पाठ दिसली की समजायचं, गेला. पण सुतळी, रणगाडा आणि दोघे जुळे भाऊ, या चौघांना जन्मापासून दिसत नव्हतं. ती फुटबॉल खेळायची ती कानांनी. मामानं चेंडूत बेअरिंगच्या गोळ्या भरल्या होत्या, त्या खुळखुळायच्या. आणि चेंडूवर झेपावण्याआधी ‘येतो’ किंवा ‘येते’ असं ओरडायचं, म्हणजे समोरचा सावध होतो, हा नियमही मामाचाच.

मामा काही खेळाडू नव्हता. त्याची सगळी हयात पंप दुरुस्त करण्यात गेली. पाइपाला कान लावून तो सांगायचा, बिघाड कुठल्या मजल्यावर आहे आणि त्या मजल्यावर नवरा-बायकोचं कशावरून बिनसलंय. तुम्हाला पटत नसेल तर राहिलं. ऑफसाइड हा विजेच्या जोडणीतला दोष असावा, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. या मुलांच्या शाळेत तो पंप बघायला गेला आणि त्याला ही पोरं पत्र्याचा डबा लाथाडताना दिसली. पंप तासाभरात सुरू झाला. त्याला सहा वर्षं झाली. मामा अजून परत आलेला नाही.

सुतळीच्या ओठाला तीन टाके पडले. तिची आई शिवणकाम करायची.

“मामा, कापडाचा टाका चुकला तर उसवता येतो,” ती म्हणाली. “हिचा खेळ बंद.”

मामाला हे परवडणारं नव्हतं. चौघं होती म्हणून दोन-दोनचा डाव व्हायचा. पुढे तीन तिघाडा, काम बिघाडा. पण खरं कारण तेही नव्हतं. सुतळी नसली की ते मैदान त्याला कोरड्या पंपासारखं ऐकू यायचं.

“ताई, चूक शब्दाची आहे. शब्द बदलतो. टाके निघाले की एकदा येऊन बघा. रक्ताचा थेंब दिसला, तर मी स्वतः तिला घरी आणून सोडीन आणि पुन्हा खेळाचं नाव काढणार नाही.”

शब्द शोधायला बैठक बसली. ‘जातो’ जुळ्यांनी फेटाळला. “जातो म्हटलं की आजी ओरडते.” ‘सरक’ म्हटलं की रणगाडा “तूच सरक!” म्हणत तिथंच भांडायला उभा राहायचा. शेवटी आईचा डोळा चुकवून बैठकीला आलेली सुतळीच म्हणाली, “मामा, मोटार काय ‘येते’ म्हणते का? पों म्हणते!”

पहिल्याच दिवशी पोरांनी असा पोंपाट केला, की बाहेरच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं ट्रक कडेला घेतला आणि मागच्याला वाट देत अर्धा तास थांबून राहिला. मागे चिटपाखरू नव्हतं.

टाके निघाल्यावर आई आली. पर्स मांडीवर घट्ट धरून बाकावर बसली. मामानं बजावलं, “ताई, काही झालं तरी ओरडायचं नाही. तिला चेंडू ऐकू यायला हवा.”

डाव सुरू होऊन सात मिनिटं झाली असतील. चेंडू सुतळीच्या पायात, आणि समोरून रणगाडा. “पों!”

आई उभी राहिली. तिचं तोंड उघडलं. मामाचंही उघडलं. दोघांची तोंडं उघडी, आवाज एकाचाही नाही. सुतळीनं मान तिरकी केली, ऐकलं, चेंडू तळपायाखाली ओढला आणि एक पाऊल बाजूला झाली. रणगाडा शेजारून सुसाट गेला तो थेट कुंपणाच्या जाळीत. सुतळीनं लाथ हाणली.

गोल झाला असं सांगायचा मला फार मोह होतोय. पण चेंडू खांबाला लागून एका जुळ्याच्या पोटात बसला आणि सुतळी सपशेल आपटली.

ती उठली. ओठ चाचपला, दात चाचपले. “काही नाही! माती लागलीय नुसती!”

गुडघ्यावर लाल ओघळ होता. मामानं तो पाहिला. आईनं पाहिला. आईनं पाहिला हेही मामानं पाहिलं. जड पावलं टाकत तो तिच्याजवळ गेला. शब्द म्हणजे शब्द.

“ताई, ठरल्याप्रमाणे...”

“काय ठरल्याप्रमाणे?” आई वाकून गुडघ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. “मला तर मातीच दिसतेय. तुम्हाला काय दिसतंय?”

मामाही वाकला. “मातीच आहे, ताई.”

“मग खेळू दे की. माझ्याकडे काय बघताय?”

डाव संपल्यावर सुतळीनं नळापाशी गुडघा स्वतःच धुतला. आईनं पुढे केलेला हात तिनं कोपरानं बाजूला सारला, तेव्हा आईनं तिचे बूट उचलले आणि ते पोटाशी धरून ती उभी राहिली. मामा पाण्याची नळी धरून होता. त्याची नजर आईच्या हातातल्या बुटांवर होती.

“मामा,” सुतळी म्हणाली, “पाणी तुमच्या बुटात पडतंय. मला ऐकू येतंय.”

“पडू दे,” मामा म्हणाला.