कोटातली टाचणी

शिंपीकाका पिवळेधमक झाले, तेव्हा घरच्यांनी कॅन्सर धरूनच तोंडं पाडली. तपासणीत पित्तनळी तुंबलेली पाहून डॉक्टरीणबाईंनाही तीच शंका आली. पण एक्स-रेत नळीच्या मधोमध काहीतरी लखलखीत चमकत होतं. खडा काही असा चमकत नाही.

बाईंनी तोंडावाटे दुर्बीण घातली, नळीचं तोंड जरासं कापलं आणि अडकलेलं हलक्या हाताने ओढून काढलं. निघाली ती तांदळाच्या दाण्याएवढी धातूची क्लिप, अंगावर गाळ चढलेली. बाईंनी ती ओळखली. नऊ वर्षांपूर्वी काकांचं पित्ताशय काढताना कापलेलं टोक बंद करायला त्यांनीच लावली होती.

चौथ्या दिवशी काकांचे डोळे निवळू लागले, तेव्हा बाई क्लिप बाटलीत घालून त्यांच्या खाटेशी आल्या.

"काका, ही माझीच. ती आत राहू द्यायचीच असते, सहसा जागची हलत नाही. तुमची मात्र सरकत सरकत नळीत उतरली."

काकांनी बाटली उजेडात धरली. "बाई, तुमच्या पांढऱ्या कोटात माझी टाचणी राहिली होती, आठवतं?"

न आठवायला काय झालं? काकांच्या दुकानात पाऊल टाकलं की गिऱ्हाइकांसमोर बाई तेच उगाळत असत.

"आठवतं," बाई पुटपुटल्या.

"एका टाचणीसाठी तुम्ही गावभर बोंब मारलीत," काका गालात हसत म्हणाले, "आणि मी नऊ वर्षं हूं की चूं केलं नाही!"